बोल्टखालचा रंग

हणमंत डुबलच्या छातीत पेसमेकर बसवल्याला आठ महिने झाले होते. एका मंगळवारी दुपारी त्याच्या बायकोला कळलं, की त्याच्या हृदयाला कधी काही झालेलंच नव्हतं.

कांचन डुबल कराडच्या बस डेपोत इलेक्ट्रिशियन होती. डेपो सह्यमार्ग परिवहन या खासगी कंपनीचा. पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जाणाऱ्या सव्वीस इलेक्ट्रिक बस इथून सुटायच्या. त्या दुपारी सतरा नंबरची बस तिच्यापुढे उभी होती. तक्रार किरकोळ होती. काचेवरचा, गेल्या वर्षी नव्याने बसवलेला दिव्यांचा मार्गफलक मधेच विझत होता.

फलकाची बटणं ड्रायव्हरच्या डाव्या हाताला असतात, म्हणून कांचन ड्रायव्हरच्या सीटवर बसली. सीट आपोआप जागी झाली. समोरच्या पडद्यावर तिच्या हृदयाची हिरवी रेघ धावू लागली. ठोके अठ्ठ्याहत्तर. तिने फलकावर पहिल्या थांब्याचं नाव आणलं, विजयनगर. मग पुढे वाकून काचेत उलटी अक्षरं नीट दिसतायत का ते बघत दुसरं नाव आणलं, मल्हारपेठ.

हिरवी रेघ सपाट झाली.

एक सेकंद, दोन, तीन, चार. मग ठोके परत सुरू झाले आणि पडद्यावर लाल अक्षरं आली: 'हृदयविराम ४.२ सेकंद.'

हीच अक्षरं, हाच आकडा तिने घरातल्या फायलीत शंभर वेळा वाचला होता. तिने डाव्या मनगटावर बोटं ठेवली आणि डाव्या कोपराने बटण दाबलं. नवारस्ता. रेघ पुन्हा सपाट झाली. बोटांखाली मात्र नाडी चालू होती. एक, दोन, तीन, चार, पाच. पडद्यावर ती मेली होती आणि बोटांखाली तिचं रक्त धाडधाड पळत होतं.

"अगं बया," ती रिकाम्या बसमध्ये मोठ्याने म्हणाली.

ही सीट दोन वर्षांपूर्वी आली. एका ड्रायव्हरला घाटात हृदयविकाराचा झटका येऊन बस कठड्यावर गेली, त्यानंतर विमा कंपन्यांनी अट घातली की चालकाचं हृदय सतत तपासलं गेलं पाहिजे. ड्रायव्हरला काही चिकटवायचं नाही, बांधायचं नाही. सीटच्या पाठीत कापडाखाली तळहाताएवढ्या धातूच्या दोन जाळ्या शिवलेल्या असतात. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर शरीरात विजेची बारीकशी लाट उठते. कातडीवर ती जेमतेम व्होल्टच्या हजाराव्या भागाएवढी भरते, आणि शर्टाच्या कापडातून जाळीपर्यंत पोचेपर्यंत तिचा शतांशही उरत नाही. सीटमधलं यंत्र ती लाट हजारो पटींनी मोठी करून वाचतं. ड्रायव्हर तिला 'डॉक्टर' म्हणत. सकाळी गाडी काढताना एकमेकांना विचारत, "काय म्हणतोय तुझा डॉक्टर?"

डॉक्टरने एकोणीस ड्रायव्हरांना आजारी ठरवलं होतं. बहुतेक सगळे पंचेचाळिशीच्या पुढचे, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. हणमंत त्यातला सहावा, आणि ऑपरेशन झालेला आतापर्यंत एकटाच.

कांचनने फलकाची वायर काढली आणि अर्धा तास सीटवर बसून राहिली. एकही विराम नाही. वायर जोडली, नाव बदललं, विराम. मग ती पाठ टेकून रेलून बसली. नावं बदलली, तरी काही नाही. पुन्हा पुढे वाकली. विराम.

आता तिला सगळं दिसायला लागलं. पाठ टेकलेली असली की हृदयाची लाट जाळीला चांगली मिळते. माणूस पुढे वाकला की ती क्षीण होते, मग यंत्र आवाज वाढवतं, लांबची कुजबुज ऐकायला कान ताणावेत तसं. आणि नेमकं तेव्हाच फलकावरचं नाव बदलतं. फलकाचा वीजपुरवठा सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असतो. शेकडो दिवे एकदम विझून नवे लागले की त्याच्या वायरीतून एक जोरदार उसळी जाते. त्या वायरीला खेटूनच, एकाच पट्ट्याने बांधलेली, सीटची वायर गेलेली. ताणलेल्या कानात कुणी फटाका फोडावा तसं होऊन यंत्र चार सेकंद बहिरं होतं. बहिऱ्या यंत्राला ठोका ऐकू येत नाही, आणि ते लिहून टाकतं की हृदय थांबलं.

पण असं व्हायला नको होतं. सीटच्या वायरीवर तांब्याच्या जाळीचं कवच असतं ते याचसाठी. बाहेरचा गोंधळ त्या कवचातून बसच्या सांगाड्यात उतरून जायला हवा. कांचनने मीटर लावला. एक टोक कवचाला, एक सांगाड्याला. काटा हलला नाही. दोन्हींचा एकमेकांशी संबंधच नव्हता.

तिने सीटखालचा बोल्ट खोलला. कवचाची पट्टी बोल्टखाली घट्ट बसलेली होती. तिच्याखाली सांगाड्याचा निळा रंग होता, तुकतुकीत, एक ओरखडाही नाही. रंगातून वीज जात नाही. बोल्ट लावण्याआधी तिथला रुपयाएवढा रंग खरवडून लोखंड उघडं करायचं असतं, हे आयटीआयच्या पहिल्या वर्षाच्या पोरांनाही ठाऊक असतं. सीट बसवणाऱ्या कुणीतरी अर्धा मिनिट वाचवला होता.

तिने उरलेली दुपार आणखी सहा बस तपासण्यात घालवली. सहाही बोल्टांखाली निळा रंग. मग वर्कशॉपच्या कॉम्प्युटरवर तिने हणमंतची जुनी नोंद उघडली. एकेचाळीस विराम. तारीख, वेळ, कालावधी, आणि अगदी शेवटच्या रकान्यात ठिकाण. मल्हारपेठ. नवारस्ता. पाटण. हेळवाक. मल्हारपेठ. पोफळी. शिरगाव. मल्हारपेठ. तिच्या नवऱ्याचं हृदय फक्त थांब्यांवर थांबत होतं. सगळ्यांनी तारखा पाहिल्या होत्या. गावं कुणीच वाचली नव्हती. तिनेही नाही.

*

हणमंत घरी भाजी निवडत बसला होता. पेसमेकर बसवल्यावर त्याचा प्रवासी वाहनाचा परवाना गेला आणि कंपनीने त्याला गेटवर गाड्यांचे नंबर लिहायला बसवलं. बावीस वर्षं घाट चालवलेला माणूस. आता तो जिना चढताना मधे थांबायचा, गॅसचं सिलिंडर उचलायचा नाही, हसतानाही जपून हसायचा.

कांचन त्याच्यासमोर खाली बसली आणि तिने सगळं सांगितलं. मधे एकदाही थांबली नाही. थांबली असती तर पुढचं बोलता आलं नसतं.

हणमंतने हातातली गवारीची शेंग मोडली आणि ताटात टाकली.

"म्हंजे मला काय झालंच नव्हतं."

"नव्हतं."

"सहा महिन्यांच्या तपासणीला डॉक्टरीणबाई म्हणल्या हुत्या, पेसमेकर नुसता बसून हाय. येकदाबी ठोका द्यावा लागला न्हाई त्याला."

"मी ऐकलं होतं ते."

"ऐकून तू काय म्हणलीस? म्हणलीस, बरं झालं, गरज पडली न्हाई."

त्याच्या आवाजाला धार यायला लागली होती.

"मी तुला पयल्या दिवशी सांगितलं. मला चक्कर न्हाई, धाप न्हाई, काय न्हाई. ईसीजी चांगला आला. चोवीस तास मशीन बांधून फिरलो, ते बी चांगलं आलं. मी म्हणलो, नको हे. तू काय म्हणलीस?"

तिला शब्द न् शब्द आठवत होता. ती म्हणाली होती, अहो, यंत्राला तुमच्याशी खोटं बोलून काय मिळणार आहे? तुम्हाला तुमच्या आतलं काय कळतं?

"तू वायरमन हायस, म्हणून मी ऐकलं. दुसरं कोण बोललं असतं तर उडवून लावलं असतं," हणमंत म्हणाला. "तीन महिनं ती फाईल घिऊन बसलीस. येकदा माझ्या मनगटाला बोट लावून बघायचंस की. गाडीत शेजारी बसायचंस. मल्हारपेठपतूर तर यायचं हुतं."

तो उठला आणि आत गेला. दार आपटलं नाही. ते आपटलं असतं तर कांचनला बरं वाटलं असतं.

*

बुधवारी सकाळी ती सरदेसाईंच्या केबिनमध्ये गेली. अभिजित सरदेसाई कंपनीचे तांत्रिक प्रमुख, चाळिशीचे, बोलायला मऊ. त्यांनी सगळं ऐकलं, मीटरचे आकडे पाहिले, फोटो पाहिले. चेहऱ्यावर आश्चर्य आलं नाही. ते कांचनच्या लक्षात आलं.

"छान पकडलंत," ते म्हणाले. "आपण असं करू. रविवारी गाड्या कमी असतात. तुम्ही दोन माणसं घ्या, सव्वीस गाड्यांचे बोल्ट खोलून रंग खरवडून टाका. दिवसाभराचं काम आहे. नोंद 'नियमित देखभाल' अशी करा."

"आणि ड्रायव्हर?"

"पुढच्या तपासणीत त्यांचे विराम दिसणार नाहीत. हळूहळू सगळे पात्र ठरतील. कुणाचं नुकसान नाही."

"माझ्या नवऱ्याच्या छातीत वायर घातलीय, साहेब."

"त्याचं मला खरंच वाईट वाटतं. पण ते आता परत फिरवता येणार आहे का? बोभाटा झाला तर सीटवरचा विश्वास जाईल. उद्या खरोखर कुणाला झटका येणार असेल, तर त्याचा जीव हीच सीट वाचवणार आहे. विचार करा."

"आपले ड्रायव्हर दस्तगीर मुल्ला, त्यांचं पेसमेकरचं ऑपरेशन येत्या सोमवारी आहे."

सरदेसाई खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तो वैद्यकीय निर्णय आहे. त्यात मी कसा पडणार?"

एका माणसाची छाती सोमवारी कापली जाणार होती आणि हा माणूस रविवारी पुरावा खरवडायला सांगत होता, तोही तिच्याच हातांनी.

"मी एकाही बोल्टला हात लावणार नाही," ती म्हणाली. "आणि दुसऱ्या कुणाला लावू देणार नाही."

ती तिथून थेट गेटवर गेली. हणमंत टेबलामागे बसला होता. आदल्या दिवसापासून दोघांत शब्द झाला नव्हता. तिने सरदेसाई काय म्हणाले ते सांगितलं. हणमंतने पुढ्यातलं रजिस्टर मिटलं, फोन काढला आणि दस्तगीरभाईंना लावला. दुपारपर्यंत अपात्र ठरवलेले एकोणीसच्या एकोणीस ड्रायव्हर डेपोच्या गेटाबाहेर बसले होते. रविवारी गेट उघडायचं नाही, हे त्यांनी तिथेच ठरवलं.

*

दस्तगीर मुल्लांनी ऑपरेशनच्या आधी फेरसुनावणी मागितली होती. नियमाने ती द्यावी लागे. शुक्रवारी सकाळी अकराला डेपोच्या आवारात टेबल मांडलं गेलं. एका बाजूला सरदेसाई, दुसऱ्या बाजूला डॉ. अनघा पावसकर. कंपनीच्या करारातल्या रुग्णालयात हणमंतचं ऑपरेशन त्यांनीच केलं होतं आणि दस्तगीरभाईंचंही त्याच करणार होत्या. मागे ड्रायव्हर, कंडक्टर, वर्कशॉपची माणसं.

"मुल्लांच्या वतीने कोण बोलणार?" सरदेसाईंनी विचारलं.

"कांचनताई बोलतील," दस्तगीरभाई म्हणाले. "मला त्यातलं काय कळत नाय. मला एवढं कळतंय की मी ठणठणीत हाय."

कांचन बोलली नाही. ती शेडमध्ये गेली आणि खांद्यावर पोतं घेऊन बाहेर आली. आगीसाठी ठेवलेल्या बादल्यांतली वाळू तागाच्या पोत्यात भरून तिने ते रात्रभर मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवलं होतं. तिच्या पाठीवरून पाणी गळत होतं. हणमंत मदतीला उठला, पण तिने मान हलवून नको म्हटलं. ते तिने एकटीने सतरा नंबरच्या बसमध्ये चढवलं आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, पाठीपासून किंचित पुढे, जुने ड्रायव्हर बसतात तसं. बसमधला पडदा तिने बाहेरच्या मोठ्या टीव्हीला जोडून ठेवला होता.

"डॉक्टर," ती म्हणाली, "माणसाच्या अंगात खारं पाणी असतं, म्हणून त्यातून वीज जाते. या पोत्यातही खारं पाणी आहे. हृदय तेवढं नाही."

टीव्हीवर रेघ सपाट होती. कांचनने डावीकडे वळायचा इंडिकेटर लावला. टिक, टिक, टिक. प्रत्येक टिकीबरोबर रेघ उसळायला लागली. पडद्यावर आकडा आला: 'ठोके ८४. चालक उपस्थित. प्रकृती सामान्य.'

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले.

"जिवंत झालं," दस्तगीरभाई म्हणाले.

कांचनने फलकाचं बटण दाबलं. काचेवर मल्हारपेठ उमटलं. रेघ सपाट झाली. चार सेकंद. लाल अक्षरं. नवारस्ता. पुन्हा. पाटण. तिसऱ्यांदा भोंगा वाजला आणि बसमधला रेकॉर्ड केलेला आवाज आवारभर घुमला: "हृदयविराम आढळला आहे. चालक अपात्र. कृपया वाहन थांबवा."

आता कुणी हसत नव्हतं.

कांचन खाली उतरली. "हे पोतं आजारी आहे, डॉक्टर. याला पेसमेकर बसवा. सोमवारची तारीख रिकामी आहे, कारण दस्तगीरभाई येणार नाहीत."

डॉ. पावसकर उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी सरदेसाईंकडे पाहिलं. "फलक बसवल्यानंतर सीटची पुन्हा चाचणी झाली होती?"

"नियोजनात होती," सरदेसाई म्हणाले.

"झाली होती का?"

"सीट बनवणाऱ्यांनी पत्र पाठवलं होतं तसं. पण प्रत्येक गाडी दोन दिवस उभी ठेवावी लागली असती."

मागून एक खुर्ची कोसळली. हणमंत टेबलाकडे चालत आला, आठ महिन्यांत तो इतक्या भरभर चालला नव्हता. त्याने सरदेसाईंची कॉलर धरली नाही. त्याने शर्टाची बटणं काढली आणि डाव्या खांद्याखालचा व्रण उघडा केला.

"दोन दिवस," तो म्हणाला. "हात लावून बघा, साहेब. घाबरू नका, बघा. हे तुमचं दोन दिवस हायत."

सरदेसाईंनी मान खाली घातली. हणमंत तसाच उभा राहिला. कुणीही त्याला बाजूला घेतलं नाही.

"मी ईसीजी पाहिला होता," डॉ. पावसकर हळू म्हणाल्या. "चोवीस तासांची नोंद पाहिली होती. दोन्हीत काही नव्हतं. पण तीन महिन्यांची नोंद समोर असताना मला वाटलं..."

"मलाही तेच वाटलं," कांचन म्हणाली. "म्हणून मी तुम्हाला माफ करू शकत नाही. स्वतःलाच करता येत नाहीये."

*

सीटा महिन्याभरात काढल्या गेल्या. कंपनीने पत्रकात 'तांत्रिक सुधारणेसाठी' असं लिहिलं. सरदेसाईंची बदली झाली. दस्तगीरभाई धरून अठरा ड्रायव्हर पुन्हा घाटात गाड्या चालवू लागले. उरला तो हणमंत.

परवाना कार्यालयातल्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी नियम तीनदा वाचून दाखवला. पेसमेकर असलेल्या व्यक्तीस प्रवासी वाहन चालवता येणार नाही.

"पण तो चुकून बसवलाय," कांचन म्हणाली.

"का बसवला याला नियमात जागाच नाही हो. आहे की नाही, एवढंच बघतात."

हणमंत बाहेर येऊन पायरीवर बसला. म्हणाला, "मी तो काढून घेणार."

कांचनच्या ओठांवर 'नको' आलं होतं. डॉ. पावसकरांनी स्पष्ट सांगितलं होतं, डबी काढणं सोपं आहे, पण वायर वर्षभरात हृदयाच्या स्नायूत रुतलेली असते. ती ओढताना आत इजा होऊ शकते. न काढता माणूस आयुष्यभर नीट जगू शकतो. तिने तोंड उघडलं, मिटलं, आणि मग विचारलं, "तुम्हाला काय वाटतं? नक्की?"

"माझ्या अंगात मला ते नको."

"मग काढू."

त्याने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं.

ऑपरेशनच्या सकाळी रुग्णालयाच्या काउंटरवर छापील संमतीपत्र आलं. 'शस्त्रक्रियेचे कारण' या रकान्यात कारकुनाने आधीच लिहून ठेवलं होतं: 'रुग्णाची इच्छा.'

"हे खोडा," कांचन म्हणाली.

"मॅडम, सिस्टीममध्ये हाच पर्याय आहे."

"मग सिस्टीम बंद ठेवा आणि पेनाने लिहा. डॉक्टरांना बोलवा. त्यांनी लिहिल्याशिवाय माझा माणूस आत जाणार नाही."

आवाज चढला. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. हणमंत स्ट्रेचरवर हिरव्या कपड्यांत पडून हे सगळं ऐकत होता आणि तिला थांबवत नव्हता. वीस मिनिटांनी डॉ. पावसकर आल्या, डोक्यावर टोपी, हातात मोजे न घातलेले. त्यांनी कागद पाहिला, रकाना आडवा खोडला आणि बाजूच्या कोऱ्या जागेत सावकाश लिहिलं. खाली सही केली, तारीख घातली. कांचनने ते वाचलं, एक प्रत मागून घेतली, घडी घालून पर्समध्ये ठेवली, मगच स्ट्रेचर सोडलं.

दोन तास चाळीस मिनिटं लागली. वायर निघाली. थोडा रक्तस्राव झाला, तो थांबवता आला.

दुपारी चारला हणमंतने डोळे उघडले. ओठ सुकलेले होते. कांचनने चमच्याने पाणी घातलं. परवान्याचा अर्ज पुन्हा करायचा होता, त्याला किती महिने लागतील ते कुणी सांगत नव्हतं. त्याने त्याबद्दल काही विचारलं नाही.

"काय लिवलं त्यांनी?" तो म्हणाला.

कांचनने घडी उलगडली आणि वाचलं: "'या रुग्णास हृदयाचा कोणताही आजार नव्हता. निदान चुकीचे होते. ते मी केले.'"

हणमंतने डोळे मिटले.

"परत वाच," तो म्हणाला.